विंडोजशेजारी लिनक्स टाकलं, पण मेनूच येत नाही: ड्युअल बूट नेमकं कुठे अडतं

पेनड्राइव्ह तयार केला, इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत गेलं, ‘रीस्टार्ट करा’ असा संदेश आला आणि लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये उघडला. किंवा उलट: लिनक्स छान चालतंय, विंडोजचा पत्ता नाही. किंवा इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. या तिन्ही तक्रारींवर लोक एकच औषध घेतात, ते म्हणजे पुन्हा इन्स्टॉल करणं. दुसऱ्यांदाही तेच होतं, कारण दोष इन्स्टॉलेशनमध्ये नसतो. तो मशीनच्या फर्मवेअर (म्हणजे बायोस) सेटिंगमध्ये किंवा विंडोजने डिस्क ज्या अवस्थेत सोडली आहे त्यात असतो. तिसऱ्या खेपेला वैतागून कुणीतरी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडतं आणि घरचे फोटो जातात. म्हणून गाडी कुठल्या टप्प्यावर थांबली आहे ते आधी ओळखा, हात नंतर लावा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि त्यानंतर हे प्रश्न वाढले. विंडोज ११ ज्यावर चढत नाही असे चांगले चालणारे लॅपटॉप घरोघरी आहेत. टॅली किंवा श्री-लिपीसाठी विंडोज ठेवायचं आणि इंटरनेटच्या कामाला लिनक्स, ही मांडणी बहुतेकांची असते. मी इथे विंडोज १० किंवा ११ आणि शेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट असं धरून लिहितो आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

सुरू करण्याआधी

विंडोज चालू असतानाच विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ टाका. समोर येणाऱ्या खिडकीत ‘बायोस मोड’ ही ओळ बघा. तिथे यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) असेल तर पुढचं सगळं सोपं आहे. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि तिच्यावर जास्तीत जास्त चारच प्रायमरी पार्टिशन होतात. जुन्या ब्रँडेड लॅपटॉपवर हे चारही कारखान्यातूनच भरलेले असतात: एक सिस्टिमसाठी राखीव, एक सी, एक रिकव्हरी, एक कंपनीच्या टूल्सचं. मग तुम्ही सी लहान करून साठ जीबी मोकळे केलेत तरी इन्स्टॉलर त्या जागेला ‘वापरता न येणारी’ म्हणतो. तो खरं बोलतो आहे. चारातलं एक पार्टिशन (बहुधा कंपनीच्या टूल्सचं, त्यातला डेटा बाहेर काढून) हटवून त्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन केल्याशिवाय मार्ग नाही.

दुसरी गोष्ट एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप. ‘आमच्याकडे बिटलॉकर नाही, आमची होम आवृत्ती आहे’ असं सांगणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ उघडून बघावं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर ते न विचारता चालू झालेलं असतं, आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनवर त्याच्या अटी आणखी सैल झाल्या. तुम्ही सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारं बायोसचं सेटिंग) बंद केलं किंवा डिस्कचा मोड बदलला की मशीनमधली टीपीएम चिप सावध होते आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ‘तुमच्या’ म्हणजे ज्याच्या अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला त्याच्या. तो दुकानदार असू शकतो, भाचा असू शकतो, आधीचं ऑफिसही असू शकतं. की हाताशी नसेल तर विंडोज उघडतं आहे तोवरच एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. मोठ्या हार्डडिस्कवर त्याला वेळ लागतो, लागू द्या.

बॅकअपबद्दल वेगळं सांगत नाही.

पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही

बूट मेनूचं बटण ब्रँडप्रमाणे बदलतं. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ१२ च, पण ते आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय लावून, तर विंडोज यूईएफआय असताना यूईएफआय लावलेलाच निवडा. ही एक निवड चुकली की लिनक्स लेगसी पद्धतीने बसतं, आणि तसं बसलेलं ग्रब (लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे सुरू होताना सिस्टिम निवडायचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) यूईएफआय विंडोजला सुरू करूच शकत नाही. ‘मेनूत विंडोज नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

सुरुवातीचा मेनू येऊन मग काळी स्क्रीन आली तर बहुतेक एनव्हिडियाचं कार्ड आहे. उबुंटूत ‘सेफ ग्राफिक्स’, मिंटमध्ये ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडा.

इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही

यादीत फक्त पेनड्राइव्हच दिसतो, किंवा उबुंटू सरळ सांगतं की आरएसटी बंद करा. हे इंटेलचं रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी. काही लॅपटॉप कारखान्यातून निघतानाच डिस्कचा कंट्रोलर ‘एएचसीआय’ऐवजी ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ या मोडवर ठेवलेले असतात. अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढे हेच प्रकरण बायोसमध्ये ‘व्हीएमडी’ या नावाने भेटतं. एसरच्या अनेक लॅपटॉपवर तर ही ओळ लपवलेली असते. बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल-एस दाबलं की ती प्रकट होते. हे कुठे लिहिलेलं नसतं, आणि लोक दोन-दोन दिवस लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) बदलत बसतात.

आता महत्त्वाचं: बायोसमध्ये जाऊन एकदम एएचसीआय करू नका. विंडोजने सुरू होताना लागणारा एएचसीआयचा ड्रायव्हर झोपवून ठेवलेला असतो, त्यामुळे पुढच्या वेळी निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं लिहिलेलं असतं. विंडोज मेलं असं वाटून इथे अनेकांचा धीर सुटतो. तसं काही झालेलं नसतं. सेटिंग होतं तसं परत करा, विंडोज उघडेल.

योग्य क्रम असा. विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’ या टॅबवर ‘सेफ बूट’ला टिक करा, खाली ‘मिनिमल’ राहू द्या. रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये शिरा, एएचसीआय निवडा किंवा व्हीएमडी बंद करा, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि उघडताना लागणारा ड्रायव्हर स्वतःच जागा करेल. मग पुन्हा एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन ती टिक काढा आणि रीस्टार्ट करा. एक खाच लक्षात ठेवा: सेफ मोडमध्ये लॉगिनचा पिन चालला नाही तर अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, जो पिनच्या सवयीमुळे कुणाला आठवत नाही. तो आधीच कागदावर लिहून ठेवा. आणि मशीनमध्ये खरोखरच दोन डिस्कचं रेड (दोन्ही डिस्क एकत्र चालवण्याची मांडणी) असेल, किंवा इंटेलची ऑप्टेन मेमरी (हार्डडिस्कचा वेग वाढवणारी) हार्डडिस्कला जोडलेली असेल, तर आधी इंटेलच्या अ‍ॅपमधून ते जोडकाम सोडवा. त्याशिवाय मोडला हात लावू नका.

सी ड्राइव्ह लहान होत नाही

दोनशे जीबी रिकामे असूनही डिस्क मॅनेजमेंट म्हणतं की फक्त आठ जीबीच काढता येतील. कारण ड्राइव्हच्या शेवटाकडे एखादी न हलवता येणारी फाइल बसलेली आहे: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, किंवा सिस्टिम रिस्टोअरचा साठा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करा. तरीही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ नोंदींत २५९ क्रमांकाची घटना शोधा. शेवटची अडवणारी फाइल कोणती ते तिथे नावासकट लिहिलेलं असतं.

निघालेली जागा तशीच ‘अनअ‍ॅलोकेटेड’ सोडा. तिचा ई ड्राइव्ह वगैरे करून ठेवलात तर इन्स्टॉलरला ती मोकळी दिसत नाही. आणि हे काम विंडोजकडूनच करून घ्या. लिनक्सचा इन्स्टॉलरही विंडोजचं पार्टिशन लहान करू शकतो, पण माझं मत विचाराल तर स्वतःचं घर आवरणं ज्याचं त्यालाच नीट जमतं. जागा किती? उबुंटू किमान २५ जीबी सांगतं. पन्नास-साठ द्या, नाहीतर वर्षभरात पुन्हा हाच उद्योग.

इन्स्टॉल झालं, पण सरळ विंडोजच उघडतं

हा खरा नेहमीचा प्रश्न, म्हणून आत काय घडतं ते थोडं बघू. यूईएफआय मशीनच्या डिस्कवर एक छोटं फॅट३२ पार्टिशन असतं, विंडोजने केलेलं असेल तर बहुधा १०० एमबीचं. त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपापलं फोल्डर करून आपला बूटलोडर ठेवते. विंडोजचं फोल्डर ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाचं, उबुंटूचं ‘उबुंटू’. म्हणजे दोघांचं सामान एकमेकांवर पडत नाही. कोणाला आधी उठवायचं याची यादी मात्र डिस्कवर नसते. ती मदरबोर्डच्या मेमरीत असते. तिथे ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणि ‘उबुंटू’ अशा दोन नोंदी हव्यात. मिंटची नोंदही बहुधा ‘उबुंटू’ याच नावाने दिसते, गोंधळू नका.

त्यामुळे पहिली चाचणी ही: मशीन बंद करून चालू करा आणि बूट मेनू उघडा. त्यात ‘उबुंटू’ आहे? असेल तर ते निवडा. लिनक्स उघडलं ना? मग तुमचं इन्स्टॉलेशन उत्तम आहे, फक्त क्रम चुकला आहे. बायोसमध्ये जाऊन उबुंटूला वर घ्या. एचपीच्या बऱ्याच मशीनवर यादीत फक्त ‘ओएस बूट मॅनेजर’ एवढंच दिसतं. त्यावर एंटर मारलं की आतली यादी उघडते. एसरवर त्याहून वेगळी तऱ्हा आहे: बायोसला सुपरव्हायझर पासवर्ड लावावा लागतो, मग ‘सिक्युरिटी’मध्ये उबुंटूच्या फोल्डरमधली शिम नावाची फाइल (सिक्युअर बूट चालू असताना ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) ‘विश्वासार्ह’ म्हणून निवडावी लागते, तेव्हा कुठे नोंद यादीत येते. तो पासवर्ड विसरू नका. विसरलात तर त्याची कहाणी ड्युअल बूटपेक्षा मोठी होते.

लिनक्समधूनही क्रम बदलता येतो. टर्मिनलमध्ये ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर’ दिलं की नोंदींचे चार आकडी क्रमांक दिसतात. तीच आज्ञा ‘-ओ’ आणि हवा तो क्रम लावून पुन्हा द्या. विंडोजचं मोठं अपडेट आल्यावर एखाद्या दिवशी अचानक मेनू गायब होतो, तेव्हाही बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. क्रम पुन्हा लावायचा, बास.

बूट मेनूत ‘उबुंटू’ नावच नसेल तर दोन शक्यता. एक, लिनक्स लेगसी पद्धतीने बसलं आहे. दोन, नोंद लिहिली गेली नाही. दोन्हींवर उपाय जवळपास एकच: पेनड्राइव्हवरून, या वेळी न चुकता यूईएफआय पर्यायाने, लाइव्ह सेशन (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) सुरू करा. ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर दिसतं आहे याची खात्री करा. ते नसेल तर तुम्ही पुन्हा लेगसीतच शिरला आहात. मग बूट-रिपेअर हा बूटलोडर दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवा. मिंटच्या लाइव्ह सेशनमध्ये ते आधीच असतं, उबुंटूत वेगळं टाकावं लागतं. त्याचा सुचवलेला उपाय सहसा पुरतो.

ग्रब येतं पण यादीत विंडोज नाही, हा निराळा प्रकार. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेसाठी मुळात बंद ठेवलेला असतो. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ अशी ओळ टाका (‘=’च्या आधीचं सगळं कॅपिटल, नंतरचं स्मॉल), मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. आउटपुटमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसलं की काम झालं. आणि विंडोज यादीत नसलं तरी बूट मेनूतून ते उघडता येतंच, तेव्हा घाबरून काही पुसू नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या विंडोज अपडेटने मात्र खरंच अनेकांचं लिनक्स अडवलं. २०२२ मध्ये नोंदवलेल्या ग्रबमधल्या एका त्रुटीसाठी जुने बूटलोडर नाकारण्याचा नियम त्यात होता. तो ड्युअल बूटच्या मशीनना लागू व्हायला नको होता, पण कित्येक ठिकाणी झाला. स्क्रीनवर शिमच्या ‘एसबॅट’ची (जुने बूटलोडर नाकारायला वापरली जाणारी आवृत्तीची नोंद) पडताळणी फसल्याचा संदेश येऊन मशीन बंद व्हायचं. हा संदेश आजही कुणाला दिसला तर: सिक्युअर बूट बंद करा, लिनक्समध्ये शिरा, ‘सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ द्या, एकदा रीस्टार्ट होऊन लिनक्स उघडू द्या, सगळे अपडेट घ्या आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा.

दुसऱ्या डिस्कवर टाकलं असेल तर

बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स टाकून ती खिशात घालून फिरायचं, ही कल्पना चांगली आहे. पण उबुंटूचा जुना इन्स्टॉलर, ज्याची पद्धत मिंटनेही वापरली, तुम्ही दुसरी डिस्क दाखवली तरी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच ठेवतो. मग एसएसडी काढली की लॅपटॉप ‘ग्रब>’ असा ठोंब्यासारखा उभा राहतो, आणि ती एसएसडी दुसऱ्या मशीनवर चालतही नाही. इन्स्टॉल करताना आतली डिस्क बायोसमधून बंद ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. डेस्कटॉप असेल तर तिची केबलच काढा.

दोन्ही चालू आहेत, पण

घड्याळ. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे. बॅटरी गेली म्हणून मदरबोर्डचा सेल बदलणारेही भेटतात. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरतं. भारतात त्यांच्यातलं अंतर नेमकं साडेपाच तासांचं. भारतातच राहणाऱ्याने लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ एवढं दिलं तरी भागतं. लंडन किंवा न्यू जर्सीत असाल तर तिथे वर्षातून दोनदा घड्याळ सरकतं आणि दोन्ही सिस्टिम ते आपापल्या परीने सरकवतात. तिथे विंडोजच्याच रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ची किंमत १ करून त्याला यूटीसी शिकवणं बरं.

विंडोजचा ड्राइव्ह लिनक्समध्ये उघडत नाही किंवा त्यावर काही लिहिता येत नाही. हा फास्ट स्टार्टअपचा प्रताप. शटडाउन म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. अर्धं शटर ओढून आत हिशेब करत बसलेल्या दुकानदारासारखं ते डिस्कवर आपला हक्क ठेवून असतं. लिनक्सला ते दिसतं आणि ते लिहायला नकार देतं. जबरदस्तीने माउंट करण्याच्या (ड्राइव्ह जोडून उघडण्याच्या) युक्त्या सापडतील, त्या करू नका, फाइली बिघडतात. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पॉवर बटण काय करतं’ या पानावर फास्ट स्टार्टअपची टिक काढा. ती टिक जाईपर्यंत शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये या, कारण रीस्टार्टला विंडोज खरोखर सगळं मिटवतं. मोठ्या अपडेटनंतर ही टिक पुन्हा बघत चला.

वायफाय नाही, किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकूनही उपयोग नाही: सिक्युअर बूट चालू असताना असे ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते. तिथे ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते, लोक चहा आणायला गेलेले असतात, आणि ड्रायव्हर लागत नाही. ड्रायव्हर उतरवून घ्यायलाच नेट नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. त्याला सहसा काहीच टाकावं लागत नाही.

लिनक्स नको झालं तर

पार्टिशन आधी पुसू नका. आधी बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजरला वर आणा, ते आपोआप उघडतं आहे हे पाहा, मग डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सची पार्टिशन हटवा. ईएफआयचं छोटं पार्टिशन मात्र तसंच राहू द्या, विंडोजचा बूटलोडरही त्यातच आहे. मोकळी झालेली जागा सी ला जोडायला गेलात आणि ‘एक्स्टेंड’ फिकट दिसला, तर मध्ये विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं आहे. ते हलवण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा त्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करून टाका.